तेल निघते, पण नफा निघतो का?

गेल्या पंधरवड्यात एका रविवारी सकाळी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ घरी आले. त्यांना आपण येथे भाऊसाहेब म्हणू. वय अडुसष्ट. येथल्याच एका पेट्रोरसायन कारखान्यात चौतीस वर्षे नोकरी करून ते दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माणूस अबोल, हिशेबी, कोणाच्या एका पैशाचा मिंधा नसलेला. चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग पिशवीतून त्यांनी गुळगुळीत कागदावर छापलेली एक रंगीत पुस्तिका काढली आणि आमच्यापुढे ठेवली.

"तुम्ही मासिकात पैशाअडक्याच्या गोष्टी लिहिता. हे वाचा, आणि सहा लाख घालू की नको ते सांगा."

पुस्तिका एका कंपनीची होती. नाव आम्ही देत नाही, कारण तिच्याविरुद्ध आमच्यापाशी काही पुरावा नाही आणि तिच्या बाजूनेही नाही. टाकाऊ प्लॅस्टिकपासून इंधनतेल काढण्याचा तिचा संकल्प होता. एक टन प्लॅस्टिक घातले की नऊशे लिटर तेल. कच्चा माल म्हणजे गावोगावचा कचरा, म्हणून तो जवळजवळ फुकट. गुंतविलेल्या रकमेवर दरसाल चोवीस टक्के खात्रीचा परतावा. आणि शिवाय वसुंधरेच्या सेवेचे पुण्य. शेवटच्या पानावर हिरव्या टेकडीवरून धावणारे एक मूल होते.

हे सहा लाख कोठले, असे आम्ही विचारले. भविष्यनिर्वाह निधीतून मुलीचे लग्न, घराची डागडुजी वगैरे होऊन उरलेली ही रक्कम. येत्या थंडीत वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करावयाची आहे, तिच्यासाठी ती राखून ठेवलेली. मग इतक्या सावध माणसास हा मोह का पडावा? त्याचे उत्तर त्यांनीच दिले, आणि ते चोवीस टक्क्यांचे नव्हते.

"आयुष्यभर मी तेच केले हो. रात्रपाळ्या केल्या, पण केले काय, तर प्लॅस्टिकचे दाणे. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचा पूर ओसरला तेव्हा काठच्या झाडांच्या फांद्याफांद्यांवर पिशव्या लोंबत होत्या. वाटले, यातली एखादी माझ्याच हातची असेल. आता कोणी म्हणतो आहे की हे सारे परत तेल करून दाखवितो. मग आपला हात त्याला लागावा, असे वाटते."

यावर लगेच काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही. पुस्तिका ठेवून जा, आठ दिवसांनी या, असे सांगितले. त्या आठ दिवसांत जे वाचले, आठवले आणि मांडले, ते या महिन्याच्या सदरात देत आहोत. कारण अशी पुस्तिका आज भाऊसाहेबांकडे आली आहे, उद्या ती आपल्याही दारी येईल.

बडोद्याच्या वाचकांना हा विषय परका नाही. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला, १९६९ मध्ये आयपीसीएल स्थापन झाली, आणि आपल्यापैकी कितीतरी घरांच्या चुली या दोन धुराड्यांवर पेटल्या. २००७ मध्ये आयपीसीएल रिलायन्समध्ये विलीन झाली; पण खनिज तेलापासून नॅफ्था, नॅफ्थापासून एथिलीन आणि एथिलीनपासून पॉलिथिन, ही वाट येथल्या पोरांनाही ठाऊक आहे. प्लॅस्टिकपासून तेल म्हणजे त्याच वाटेने उलटे येणे. तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी: ही वाट आहे. हा गारुड्याचा खेळ नव्हे. प्लॅस्टिक बंद भांड्यात, हवेचा स्पर्श होऊ न देता, चारशे ते पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापविले तर त्याचे लांबलचक रेणू तुटतात, वाफ निघते, ती थंड केली की तेल मिळते. थोडा वायू उरतो, तो भट्टीलाच जाळावयास लागतो. तळाशी काळी राख-काजळी बसते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने २०१९ मध्ये अशी दररोज एक टनाची मांडणी उभी करून टनाला सुमारे आठशे लिटर डिझेल मिळते असे दाखविले. आपल्या नागपुरातील प्राध्यापिका अलका झाडगावकर यांची अशाच तऱ्हेची पद्धत या शतकाच्या आरंभी देशभर गाजली होती. म्हणजे पुस्तिकेतील नऊशे लिटर अगदीच अशक्य नाहीत. स्वच्छ, कोरडे, निवडलेले पॉलिथिन असेल तर आकडा त्याच्या आसपास जाऊ शकतो.

येथेच पुष्कळ सुशिक्षित माणसे फसतात. प्रयोग खरा आहे असे कळले की त्यांचा संशय निवतो. आपल्या आज्यांचे तसे नव्हते. त्या घाण्यावर शेंगदाणे घेऊन जात, तेव्हा शेंगदाण्यातून तेल निघते की नाही हे तेल्याला विचारीत नसत. त्या विचारीत, किती पायलीला किती तेल, पेंड कोणाची, आणि घाणावळ काय? तेल निघणे हा तेल्याचा प्रश्न. तेल परवडणे हा घरच्या बाईचा प्रश्न. गुंतवणूक करणाऱ्याने या घरच्या बाईच्या जागी बसावयाचे असते.

पन्नास वर्षांचा अनुभव

या उद्योगास वाटते तितके नवेपण नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव एकाएकी भडकले आणि अमेरिकेत कचऱ्यातून इंधन काढण्याच्या कल्पनेला बहर आला. बाल्टिमोर शहरात मोन्सँटो या बलाढ्य रसायन कंपनीने दररोज हजार टन कचरा तापवून त्यापासून वायू व वाफ मिळविण्याचा कारखाना उभारला. दोनतीन वर्षे झगडून १९७७ मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एल काहोन येथे ऑक्सिडेंटल या तेल कंपनीचा कचऱ्यापासून तेल काढण्याचा कारखाना त्याच सुमारास उभा राहिला आणि कधीही सलग न चालता बंद पडला. जर्मनीत लुडविग्सहाफेन येथे बीएएसएफने १९९४ मध्ये वर्षाला पंधरा हजार टनांचा प्रायोगिक कारखाना काढला, तो १९९६ मध्ये बंद केला. पुरेसे प्लॅस्टिक आणि ते जिरविण्याबद्दल पुरेसे शुल्क, या दोहोंची दीर्घ मुदतीची हमी मिळेना, म्हणून. ही लबाडांची यादी नव्हे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. जगातील उत्तम रसायनतज्ज्ञ ज्यांच्या पदरी होते, अशांची ही यादी आहे.

अलीकडचे एक मोठे उदाहरण शेल कंपनीचे. २०२५ पर्यंत वर्षाला दहा लाख टन टाकाऊ प्लॅस्टिकचे तेल आपल्या कारखान्यांत वापरू, असे तिने २०१९ मध्ये जाहीर केले होते. पुढे हे उद्दिष्ट साधण्यासारखे नाही, असे तिने स्वतःच कबूल केले आणि २०२४ मध्ये त्याचा गवगवा झाला. जिच्यापाशी विहिरी, जहाजे, शुद्धीकरणाचे कारखाने आणि पैसा या चारही गोष्टी आहेत, तिची ही गत.

अमेरिकेतच इंडियाना राज्यात ॲश्ली नावाच्या लहान गावी ब्राइटमार्क कंपनीने २०१९ मध्ये कारखान्याची पायाभरणी केली. क्षमता वर्षाला एक लाख टन. पैशाची सोय मुख्यतः रोखे विकून केलेली. रोखेही 'हरित', म्हणजे निसर्गाचे हित साधणारे, असे म्हणविले जाणारे. कारखाना ठरल्या क्षमतेच्या जवळपासही पोहोचला नाही आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्या कंपन्यांनी दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आसरा घेतला. रोखा हिरव्या शाईने छापला म्हणून परतफेडीचा दिवस पुढे जात नाही.

फुकटचा माल

पुस्तिकेतील सर्वांत घातक शब्द आम्हांस कोणता वाटला असेल तर तो 'फुकट'. या शब्दावरून अमेरिकेतील कार्थेज गावची हकीकत सांगण्यासारखी आहे. मिसूरी राज्यातील या गावी टर्की पक्ष्यांच्या मांसाचा मोठा कारखाना आहे. त्यातून उरणारी आतडी, पिसे, चरबी यांपासून तेल काढण्यासाठी 'चेंजिंग वर्ल्ड टेक्नॉलॉजीज' या कंपनीने शेजारीच आपला कारखाना घातला. २००३ मध्ये एका नामांकित विज्ञान मासिकाने 'काहीही द्या, तेल करून देतो' अशा थाटात तिचे कौतुक केले. प्लॅस्टिकसुद्धा या यंत्रात घालता येईल असे सांगितले गेले. आरंभीचा अंदाज असा की पिंपामागे पंधरा डॉलर खर्च येईल.

तेल खरोखरच निघाले. पण हिशेब उलटला. जनावरांचे असले अवशेष पशुखाद्यात वापरण्यास सरकार बंदी घालील आणि मग ते फुकट मिळतील, किंबहुना उचलण्याबद्दल वर पैसे मिळतील, असे गृहीत धरले होते. बंदी आली नाही. पशुखाद्यवाले तोच माल विकत घेत राहिले, तेव्हा कंपनीलाही टनाला तीस-चाळीस डॉलर मोजावे लागले. पंधरा डॉलरचे पिंप ऐंशी डॉलरवर गेले. त्यातच गावभर दुर्गंधी पसरल्याची तक्रार होऊन २००५ च्या अखेरीस राज्य सरकारने कारखाना काही काळ बंद ठेवविला. २००८ मध्ये कंपनीने लोकांकडून भांडवल मागण्याचा बेत जाहीर केला, तो सोडून द्यावा लागला, आणि २००९ मध्ये तिने दिवाळे जाहीर केले.

कचरा कोणास नको असतो तोपर्यंतच फुकट असतो. ज्या दिवशी तुम्ही त्याला गिऱ्हाईक म्हणून उभे राहता, त्या दिवशी त्यास भाव येतो. आपल्याकडे तर तो आधीपासूनच आहे. दुधाची पिशवी, बादलीचा तुकडा, बाटली, यांतले काय विकले जाते हे भंगारवाल्याला आणि कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाईला नेमके ठाऊक असते. विकण्याजोगे प्लॅस्टिक ती आधीच उचलते. मागे राहते ते मातीने माखलेले, उष्ट्याने बरबटलेले, चार थरांचे, चार जातींचे. त्यात पीव्हीसी आले की पंचाईत, कारण त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. तापविल्यावर त्याचे आम्ल होऊन ते पोलादी भांडी खाऊन टाकते. पाण्याच्या बाटलीचे पीईटी आले तर तेल थोडे आणि नळ्या चोंदविणारा घन पदार्थ फार. भाऊसाहेबांनी आयुष्यभर शुद्ध एथिलीन हाताळलेले. त्यांच्या डोळ्यांपुढे तसलेच स्वच्छ दाणे होते. पुस्तिकेचा आकडा त्या दाण्यांचा आहे, आणि कच्चा माल मात्र उकिरड्याचा.

वहीत शिरलेला दोष

आता थोडे दुसऱ्या जातीच्या धोक्याविषयी. न्यूयॉर्क राज्यात, नायगारा धबधब्याच्या गावी, जेबीआय नावाची कंपनी होती. जॉन बॉर्डिनिअक हे तिचे संस्थापक. २००९ मध्ये त्यांनी एक जवळजवळ रिकामी, परंतु भागांची उघड खरेदी-विक्री चालू असलेली कंपनी ताब्यात घेतली आणि प्लॅस्टिकपासून तेल काढण्याचे यंत्र पुढे केले. यंत्र होते, तेलही निघत होते, राज्याच्या पर्यावरण खात्याचा परवानाही पुढे मिळाला. भागधारकांत भाविकांचा एक पंथच तयार झाला. जो शंका घेईल तो पर्यावरणाचा शत्रू किंवा तेल कंपन्यांचा हस्तक, असे त्याला ऐकून घ्यावे लागे.

२०१२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोखे आयोगाने या कंपनीवर न्यायालयात दावा लावला. त्यातला मुख्य आरोप प्लॅस्टिकचा नव्हता आणि तेलाचाही नव्हता. कंपनीने २००९ मध्ये वर्तमानपत्रे व नभोवाणीवरील जाहिरातींची काही आगाऊ हक्कपत्रे मिळविली होती. ती तिने आपल्या ताळेबंदात सुमारे एक कोटी डॉलरची मालमत्ता म्हणून दाखविली. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे ही किंमत कितीतरी पटींनी फुगविलेली होती, आणि अशा ताळेबंदाच्या आधारे कंपनीने गुंतवणूकदारांकडून ऐंशी लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली होती. पुढे प्रकरण दंड भरून मिटले. संस्थापक प्रमुखपदावरून दूर झाले. २०१३ च्या अखेरीस यंत्रे थांबली.

ही गोष्ट आम्ही भाऊसाहेबांना मुद्दाम सांगितली, कारण तीत एक धडा आहे. गुंतवणूकदार सारा वेळ भट्टीकडे पाहत होते. दोष वहीत शिरला होता. तेल कसे निघते हे समजून घेण्यात मन इतके रमते की कंपनीपाशी पैसा कोठून आला, कोठे गेला, हे पाहावयाचे राहून जाते.

प्रात्यक्षिकाची तर गोष्टच वेगळी. १९९६ मध्ये तमिळनाडूच्या रामर पिल्लई यांनी वनस्पतीपासून पेट्रोल करून दाखविले, तेव्हा भल्याभल्यांनी माना डोलावल्या होत्या. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा ढवळण्याचा दांडाच पोकळ निघाला. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. प्लॅस्टिकचे तेल आणि ही वनौषधी एका माळेत ओवू नयेत, कारण पहिल्यास शास्त्राचा आधार आहे. पण डोळ्यांदेखत झाले म्हणून खरे, आणि खरे म्हणून फायद्याचे, या दोन्ही उड्या सारख्याच आंधळ्या.

पाटीवरचा हिशेब

दुसऱ्या रविवारी भाऊसाहेब आले, वहिनीही बरोबर आल्या. आम्ही कागद पुढे ओढला. आकडे सगळे 'समजा'चे आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पण ते कंपनीच्या बाजूने झुकते धरले आहेत.

एका टनाला आठशे लिटर, म्हणजे सुमारे पाच पिंपे. पिंपाला सत्तर डॉलर भाव आणि डॉलरला पंच्याऐंशी रुपये धरले तर उत्पन्न तीस हजाराच्या आत-बाहेर. या कच्च्या तेलावर आणखी प्रक्रिया केल्यावाचून ते टिकाऊ डिझेल होत नाही, त्यामुळे पूर्ण भाव मिळणे कठीण. तरी मिळाला असे मानू. आता खर्च. निवडलेले, धुतलेले, वाळविलेले प्लॅस्टिक किलोला पंधरा रुपयांनी पडले, तर टनाला पंधरा हजार गेले. कारखाना दहा कोटींचा, दररोज पाच टन, वर्षातून तीनशे दिवस. म्हणजे वर्षाला पंधराशे टन. दहा कोटींवर बँकेचे बारा टक्के व्याज एक कोटी वीस लाख. टनावर वाटले तर आठ हजार. राहिले सात हजार. त्यांत मजुरी, वीज, दुरुस्ती, वाहतूक, विमा, तळाच्या काजळीची विल्हेवाट आणि झीज, एवढे सगळे बसवावयाचे.

"बसेल की, ओढून ताणून," भाऊसाहेब म्हणाले.

"बसेल. पण बँकेचे बारा टक्के नव्हे, तुम्हांला चोवीस कबूल केले आहेत. म्हणजे टनाला आठ नव्हे, सोळा हजार."

तीस उणे पंधरा उणे सोळा. एक हजार तोटा, आणि अजून एकाही मजुराचा पगार दिलेला नाही.

आम्ही पुढे विचारले, "भट्टी तीनशे दिवस चालेल?" येथे ते आमच्यापेक्षा कितीतरी अधिक जाणकार. त्यांनी मान हलविली. तळाची काजळी काढण्यासाठी भट्टी थंड करावी लागते. मेणाने नळ्या बंद होतात. पावसाळ्यात ओला माल येतो. दीडशे दिवस चालली तरी खूप म्हणावे. दीडशे दिवस चालली तर टनावर पडणारा व्याजाचा बोजा दुप्पट, मग तो बँकेच्या दराने धरला तरी सोळा हजार. शिवाय तेलाचा भाव कंपनीच्या हाती नाही. २०१४ च्या जूनमध्ये पिंप शंभर डॉलरच्या वर होते. २०१६ च्या जानेवारीत ते तिसाच्या खाली उतरले. सत्तर डॉलरला जेमतेम तगणारा कारखाना तिसाला काय करणार? त्या भावाने पाच पिंपांचे दीडशे डॉलरसुद्धा येत नाहीत. गावच्या कचऱ्याला मात्र याची खबर नसते. तो रोज सकाळी येऊन पडतोच.

वहिनी आतापर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मला एक कळत नाही. धंदा इतका चांगला असेल तर बँकेकडून बारा टक्क्यांनी घ्यायचे सोडून ते आपल्याला चोवीस टक्के देण्यासाठी का धडपडताहेत?"

या सदरात गेली कित्येक वर्षे आम्ही जे सांगत आलो ते सारे या एका वाक्यात आले.

विचारावयाचे पाच प्रश्न

भाऊसाहेबांचे मन तरी पुरते निघेना. तेव्हा आम्ही ठरविले की 'नाही' म्हणण्याआधी कंपनीला विचारावे. पाच प्रश्न लिहून त्यांनी रीतसर पत्र धाडले. ते येथे देतो. कोणत्याही अशा योजनेस ते लागू पडतील.

पहिला: सध्या चालू असलेला तुमचा कारखाना गेल्या बारा महिन्यांत किती दिवस चालला? दिवसाची क्षमता नको, वर्षाचे उत्पादन सांगा.

दुसरा: घातलेला माल कोणता होता, कोणाकडून आला आणि काय भावाने पडला? पुरवठ्याचा लेखी करार आहे काय, आणि किती वर्षांचा?

तिसरा: तेल कोणी विकत घेतले? विक्रीच्या पावत्या आणि वीजबिल दाखवाल काय? यंत्र चालले की नाही हे छायाचित्रापेक्षा वीजबिल अधिक प्रामाणिकपणे सांगते.

चौथा: लेखापरीक्षण झालेले तीन वर्षांचे ताळेबंद कोठे आहेत, आणि त्यांतील मालमत्तेत यंत्रे किती व 'हक्क', 'पेटंट', 'नावलौकिक' अशा हातात न धरता येणाऱ्या गोष्टी किती?

पाचवा: कोणत्या कायद्याखाली हा पैसा गोळा करता? लोकांना भाग विकावयाचे तर सेबीच्या नियमांप्रमाणे माहितीपत्रक दाखल करावे लागते. खाजगी रीतीने द्यावयाचे तर कंपनी कायद्याप्रमाणे वर्षाला दोनशे व्यक्तींची मर्यादा आहे. आणि खात्रीचा परतावा कबूल करून ठेवी घेत असाल, तर २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याचे काय?

पत्राचे उत्तर पत्राने आले नाही. दूरध्वनी आला. गोड आवाजाच्या एका तरुणाने सांगितले की काकांनी पाठविलेले प्रश्न फारच अभ्यासपूर्ण आहेत, तांत्रिक विभागाकडे दिले आहेत. मात्र योजना शुक्रवारी बंद होत आहे, आणि काकांसाठी खास म्हणून चोवीसचे सत्तावीस टक्के करण्यात येतील.

भाऊसाहेबांनी दूरध्वनी खाली ठेवला आणि आम्हांस येऊन एवढेच सांगितले, "मी वीजबिल मागितले, त्यांनी तीन टक्के वाढवून दिले."

सहा लाख जेथे होते तेथेच आहेत. शस्त्रक्रियेचा दिवसही ठरला आहे.

आमचे म्हणणे असे मुळीच नाही की या विद्येचे कधीच काही होणार नाही. पन्नास वर्षे फसलेली यंत्रे एक्कावन्नाव्या वर्षी चालल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. प्लॅस्टिक जिरविण्याची किंमत जो घाण करतो त्याने भरावी, असा नियम कडकपणे अमलात आला तर उद्याचे गणित आजच्यापेक्षा वेगळेही होईल. पण ते शोधण्याची जोखीम ज्यांच्यापाशी दहा कारखाने आहेत त्यांनी घ्यावी. एकच पुंजी आणि दोन दुखरे गुडघे असलेल्या घराने नव्हे. नाहीतर तेल गेले, तूप गेले आणि हाती धुपाटणे आले, ही म्हण अक्षरशः खरी व्हावयाची.

राहता राहिली भाऊसाहेबांच्या मनातली ती टोचणी. तिचा उपाय कोणत्याही पुस्तिकेत नव्हता. तो त्यांनी स्वतःच काढला. त्यांच्या गल्लीत कागद-प्लॅस्टिक वेचणाऱ्या दोन बाया येतात. गेल्या आठवड्यात आम्ही तिकडून जात होतो, तो अंगणात बादलीभर पाणी ठेवून भाऊसाहेब त्यांना काही दाखवीत होते. बादलीत टाकलेले काही तुकडे तरंगत होते, काही तळाला गेले होते. "तरंगते ते पॉलिथिन नाहीतर पॉलिप्रॉपिलीन, त्याला भाव चांगला घ्या. बुडते ते पीव्हीसी किंवा बाटलीचे, ते यात मिसळू नका, नाहीतर सगळ्याचाच भाव पडतो," ते समजावून सांगत होते. त्यांतली एक बाई हसून म्हणाली, "दादा, हे आमाला ठावं हाय. पर बादलीचं न्हवतं ठावं."

वहिनी ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आम्हांस पाहून म्हणाल्या, "सहा लाखांचं काम एका बादलीत भागवलंय."